बहिरा पट्टा

४ फेब्रुवारी, मंगळवार

"पपा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. नाहीतर दोन दिवसांनी मला फोन करून बोंब ठोकशील, सगळं बिघडलं म्हणून." असा मरिसेलचा हुकूम आहे. मरिसेल म्हणजे माझी मुलगी. बोगोटाच्या एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळते आणि बापाला शिकवायची एकही संधी सोडत नाही. तिनेच ही जॉयस्टिक, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळात विमान उडवायची दांडी, पाठवली. म्हणून ही वही.

तर लिहितो. मी एवेलियो बार्रागान, वय बासष्ट. चौतीस वर्षं व्हियाव्हो शहराच्या धावपट्टीवरून डीसी-३ हे जुनं दोन इंजिनांचं विमान घेऊन जंगलात जातोय. तांदूळ, बिअर, कोंबड्या, माणसं, जे असेल ते. सप्टेंबरात डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, तेव्हापासून जमिनीवर आहे. सत्तावीस तारखेला बोगोटात वैद्यकीय तपासणी. पास झालो की परवाना परत, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात जंगलातल्या कारुरू गावची फेरी माझी. नापास झालो तर खेळ खलास. पाच महिने आखडलेले हात मोकळे व्हावेत म्हणून हे खेळणं.

जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला, तार खुपसली, विमान पडद्यावर आलं. इथवर ठीक. दांडी मागे ओढली तर नाक वर जायचं, ते खाली गेलं. 'उलट' नावाच्या चौकटीत मीच कधीतरी खूण केली होती म्हणे. मग ब्रेक म्हणून बंदुकीच्या घोड्यासारखं ते बटण दाबलं, तर उभ्या विमानाची चाकं आत गेली. चौतीस वर्षांत एकदाही पोटावर उतरलो नाही, आज जेवणाच्या टेबलावर उतरलो.

नोहोरा, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "वाचलेत का कोणी? त्यांनाही मक्याची अरेपा वाढते."

बदल: 'उलट'ची खूण काढली.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज दिवसभर बटणं. घोडा म्हणजे ब्रेक. अंगठ्याखालची टोपी फिरवली की इकडेतिकडे बघता येतं. चाकं लांबच्या बटणावर टाकली, चुकून बोट जायला नको. दांडी पिळली की शेपटीची पट्टी वळते. बुडाशी एक सरकपट्टी आहे, ती इंजिनांची. मग मापं घेतली: दांडी चारी कोपऱ्यांत फिरवायची, मग सोडून द्यायची, म्हणजे तिला आपला मध्य कळतो. सोडल्यावर अगदी मधोमध उभी राहिली, शहाणी.

दुपारी नोहोराची मालिका लागते, म्हणून आवाज बंद ठेवून उडालो. आवाजाशिवाय विमान! दोन इंजिनांच्या मधे चौतीस वर्षं बसलेल्या माणसाला हे काय असतं ते कसं सांगू. डोंगर मागे पडला, गवताची मैदानं सुरू झाली, मग ग्वाव्हियारे नदी आडवी आली, आणि पलीकडे नुसतं जंगल. वर पंखा फिरत होता आणि त्याचा वारा मला खिडकीतून आल्यासारखा लागत होता. नदी आपली अंगावरून वळसे घेत चाललीय, घाई नाही, कुठे पोचायचं नाही. प्रत्यक्षात मी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. तेलाचा दाब बघायचा, ढग बघायचे, मागे कोणाची कोंबडी सुटली ते बघायचं.

डोळे उघडले तेव्हा विमान सरळ उडतच होतं आणि मालिका संपली होती. किती वेळ झोपलो कोण जाणे.

८ फेब्रुवारी, शनिवार

एक खोड सापडली. वळताना, उतरताना, चढताना विमान गुणी. पण सरळ रेषेत, काही न करता नुसता हात ठेवून उडत असलो की ते मान हलवायला लागतं. बारीक, पण सतत. नको नको म्हणणाऱ्या म्हातारीसारखं.

मरिसेलला फोन केला. म्हणाली, "स्वस्तातल्या दांड्यांना होतं असं पपा, मधल्या जागी जरा सैल असतात. तिथे बहिरा पट्टा ठेवायचा."

"म्हणजे?"

"मधोमध थोडी जागा अशी ठेवायची, जिथे दांडी हलली तरी विमानाला ऐकू जात नाही. पाच टक्के ठेव."

माझ्या सासऱ्यांना असाच एक पट्टा होता, नोहोराची आई बोलायला लागली की.

बदल: बहिरा पट्टा, पाच टक्के.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाच पुरला नाही. आठ केला, मग बारा. बाराला विमान शांत झालं. दोन तास मितू गावाच्या वाटेवर होतो. खाली धूर नाही, होडी नाही, एकसारखी हिरवी गोधडी. कारुरूची धावपट्टी शोधली तर सापडलीच नाही! व्हाउपेस नदीचं वळण आहे, खडक आहेत, पण गाव नाही. ज्यांनी हा खेळ बनवला त्यांना कारुरू ठाऊक नाही. तिथे सातशे माणसं माझ्या इंजिनाच्या आवाजावर भात शिजायला टाकतात, आणि इथे नुसती झाडं. तासभर त्या झाडांवर घिरट्या घालत राहिलो. मनातून फार वाईट वाटलं.

नोहोरा हल्ली कंजूष झालीय. कॉफीचा कप अर्धाच भरते. विचारलं तर म्हणते, "संपली की परत देते ना." अर्ध्या अर्ध्या कपासाठी चार फेऱ्या मारेल, पण एकदा भरून देणार नाही. बायकांचं गणित.

एक मात्र बरं झालं. पहिल्या पानापेक्षा माझं अक्षर बारीक झालंय, ही वही वर्षभर पुरेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुचलं! गाढव आहे मी. डीसी-३ मधे कॅप्टन डावीकडे बसतो. विमान डाव्या हाताने धरतो, उजवा हात दोघांच्या मधल्या इंजिनाच्या दांड्यांवर. माझा उडवायचा हात डावा! उजव्याला ही सवयच नाही, तो बिचारा काय करणार? पुस्तिकेत उजव्या हाताचं चित्र आहे म्हणून मी आठवडाभर उजव्याने खेळत बसलो.

डाव्यात धरली. बहिरा पट्टा पार शून्यावर आणला. विमान असं उडालं जसं दोरीवर ठेवलंय. नोहोराला हाक मारून दाखवलं. ती एप्रनला हात पुसत आली, पडद्याकडे बघायचं सोडून माझ्या हातांकडेच बघत होती.

"बघ! सवयीचा प्रश्न होता."

"हो," म्हणाली. "आणि उजवा हात कुठे ठेवलाय तुम्ही?"

"मांडीखाली. मधे मधे येत होता."

गुळाचं गरम पाणी करून आणलं, तेही अर्धं.

बदल: डावा हात. पट्टा शून्य.

१६ फेब्रुवारी, रविवार

आता सरकपट्टीची भानगड. उजवा हात तिच्यावर ठेवून उडतो, खऱ्या विमानात ठेवतो तसा, तर इंजिनाच्या ताकदीचा आकडा नाचतो. एकसष्ट, बासष्ट, एकसष्ट, बासष्ट. हात काढला की गप्प. म्हणजे सरकपट्टीही सैल. दांडी सैल, पट्टी सैल, एकूण मालच असा! मरिसेलला सांगितलं, दुकानदाराला म्हणावं, बदलून दे.

"पपा, तू सरकपट्टी नुसती धरून बसतोस की ढकलतोस?"

"नुसती धरून."

मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "बरं, मागवते नवीन."

हे कोणाला सांगणार नाही, पण वहीत लिहायला काय हरकत आहे. कारुरूची पट्टी आखूड आहे. शेवटाला नदी. उतरताना उजव्या हाताने इंजिनं नेमक्या क्षणी मागे ओढावी लागतात. क्षणभर आधी ओढली तर झाडांत, क्षणभर उशिरा तर पाण्यात. पाच महिन्यांत तो क्षण माझ्या हातातून निसटला असेल का, असा विचार सकाळी दाढी करताना येतो. मग कापतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नवीन जॉयस्टिक आली. तीच खोड. हुबेहूब! दोन्ही एकाच घाण्यातल्या. दुकानदाराला स्वतः फोन लावला.

"साहेब, दोन नगांत सेम बिघाड? आमच्याकडे आजवर एक तक्रार नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं नाही म्हणत. एक छोटा प्रोग्राम पाठवतो. तो दांडीची हालचाल रेघ काढून दाखवतो. रेघेचं चित्र पाठवा, मग बघू."

मला कसल्या रेघा दाखवतो! पण उद्या कुस्तोदियोला बोलावलंय. आमच्या विमानाचा मेकॅनिक, तीस वर्षांचा साथीदार. इंजिनावर तळहात ठेवून कुठला सिलिंडर आजारी आहे ते सांगतो. तो दुकानदाराची बोलती बंद करेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कुस्तोदियो आला. नखांत ग्रीस, डोक्याला टोपी, हातात तांदळाच्या पावाची पिशवी. आल्याआल्या, "कॅप्टन, टेबलावर विमान? नोहोराबाई भाडं घेतात की नाही धावपट्टीचं?" वगैरे झालं. मग चष्मा चढवून बसला.

"उजव्या हातात धरा. काही करू नका. नुसता हात ठेवा."

ठेवला. पडद्यावर करवतीच्या दातांसारखी रेघ उमटली. दात अगदी सारखे.

"सोडा."

सोडली. रेघ सरळ.

त्याने धरली. त्याचा हात म्हणजे अस्वलाचा पंजा. रेघ सरळ.

"पुन्हा तुम्ही."

पुन्हा दात. त्याने घड्याळ लावून मोजले. सेकंदाला पाच. मला म्हणाला, जरा हलवा, वळवा. वळवताना दात गेले. थांबलो की परत. परत मोजले, पुन्हा पाचच.

"इंजिनाची थरथर फेऱ्यांबरोबर बदलते," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "ही बदलत नाही."

"मग? सैल आहे ना?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत चढवला. जॉयस्टिक उलटी करून बुड बघितलं. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. "यंत्रात दोष नाही, कॅप्टन."

"मग कशात आहे?"

तो टोपी शोधायला लागला. टोपी डोक्यावरच होती. "सत्तावीसला डॉक्टरांकडे जाताय ना? त्यांना विचारा."

जॉयस्टिकमधलं डॉक्टरला काय कळतं! कुस्तोदियो म्हातारा झाला. स्क्रूड्रायव्हर लागत नाही अशा यंत्रापुढे त्याची अक्कल चालत नाही, हे कबूल करायला लाजतो. दाराशी नोहोराशी हळू आवाजात काहीतरी बोलला. मी विचारलं, काय म्हणाला? म्हणाली, पाव ताजे आहेत म्हणाला.

दोघांच्या हातांत फरक असणारच. माझी पकड हलकी आहे, वैमानिकाची. त्याची हातोड्याची.

बदल: पट्टा पंचवीस टक्के. दांडी आता बरीच हलवावी लागते, तेव्हा कुठे विमानाला ऐकू जातं. पण शांत आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी पडद्यासमोर डुलकी लागली आणि मी कारुरूला उतरलो. म्हणजे स्वप्नात, पण सुरुवात खेळातच झाली होती. खालची झाडं दोन्ही बाजूंना सरकली आणि मधे लाल मातीची पट्टी निघाली, आमचीच. आवाज नाही. काठावर सगळं गाव उभं, बायकांच्या डोक्यावर टोपल्या, कोणी बोलत नाही. चाकं कधी टेकली कळलं नाही. विमान थांबलं, मी दार उघडलं, तर सगळे माझ्याकडे न बघता विमानाच्या मागे बघत होते. मी मागे वळलो तर नदी होती, इतकी जवळ की बुटाला पाणी लागलं.

जागा झालो. भीती वाटली नाही, हेच नवल. छान वाटत होतं. परत झोपून पुढचं बघावंसं वाटलं, पण झोप येईना.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भांडण. किरकोळ कारणावरून. गणवेशाचा शर्ट अंगात घालून बघत होतो, नोहोरा येऊन बटणं लावायला लागली. मी म्हटलं, लहान मूल आहे का मी?

"हौस म्हणून लावते."

"बत्तीस वर्षांत नव्हती ती हौस!"

तिने हात खाली घेतले. "डॉक्टरांना सांगाल ना?"

"काय सांगू?"

"जे आहे ते."

"जे आहे ते म्हणजे काय? डोळे उत्तम आहेत. काल लांबच्या छपरावरची घारही दिसली मला."

ती पलंगावर बसली. बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत होती. "एवेलियो, मागे नऊ-दहा माणसं बसलेली असतात."

"तुला काय वाटतं, मला माहीत नाही?" मी ओरडलो. घरात ओरडायची मला सवय नाही. शेजारचा पोपटसुद्धा गप्प झाला. नंतर शेवटची दोन बटणं मीच लावत बसलो. भोकं लहान शिवलीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पास!

डोळे पास, कान पास, हृदय पास. एका पायावर उभा राहिलो. डोळे मिटून नाकाला बोट लावलं, चटकन. डॉक्टर म्हणाले, "हात समोर ताठ करा, बोटं पसरा." केले. टेबलासारखे स्थिर, दोन्ही! डॉक्टर हसून म्हणाले, "कॅप्टन, माझे याहून जास्त हलतात." मी सांगणार होतो का काही? सांगण्यासारखं काय होतं? हात समोर होते, त्यांनी बघितले. "आणखी काही तक्रार?" म्हणाले. मी म्हटलं, "बायको कॉफी अर्धाच कप देते." खूप हसले. शिक्का मारला.

बसने परत आलो. कागद मांडीवर ठेवला होता, घाट उतरताना सारखा फडफडत होता. या बसगाड्यांना धक्के फार. मोठ्या बोगद्याआधी दरड पडली होती म्हणून तासभर थांबलो, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. लोक खाली उतरून मक्याची कणसं खात होते. मी आत एकटाच होतो. कागद तरीही फडफडत होता. खिडकी बंद होती.

कागद पिशवीत ठेवला.

नोहोराला सांगितलं. "अभिनंदन," म्हणाली आणि परसात कपडे वाळत घालायला गेली. कपडे कोरडेच होते.

१ मार्च, शनिवार

बदल: बहिरा पट्टा शून्य. दांडी उजव्या हातात. आवाज बंद.

सकाळभर विमान मान हलवत होतं. बघत बसलो. आज काहीच दुरुस्त केलं नाही. खाली नदी होती, वर ढग होते, आणि मधे ते आपलं नको नको म्हणत चाललं होतं. मग डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. थांबलं. सोडलं. सुरू झालं. तीनदा केलं.

मरिसेलचा फोन आला होता. उचलला नाही. परवा उचलेन.

६ मार्च, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी सहाला धावपट्टीवर पोचलो. गवतावर दव, लांब कुठेतरी गवत पेटवल्याचा धूर. आमचं विमान नाक वर करून शेपटीवर बसलेलं, पाच महिन्यांपूर्वी सोडलं तसंच. मला खरंच भरून आलं. मागे माल चढला होता: तांदूळ, सिमेंट, बिअरचे खोके, दोन डुकरं. नऊ प्रवासी छपराखाली बसले होते. एक बाई दहा दिवसांचं बाळ घेऊन घरी चालली होती. बाळाला विमानाकडे तोंड करून धरून दाखवत होती, "ते बघ, त्यात बसून जायचंय आपल्याला."

सहवैमानिक कागद भरायला ऑफिसात होता. मी एकटाच वर चढलो, डावीकडे बसलो, पट्टा बांधला. डावा हात सुकाणूच्या चाकावर. उजवा इंजिनाच्या दांड्यांवर, नुसता ठेवला, जसा चौतीस वर्षं ठेवत आलो.

टक, टक, टक, टक, टक.

माझ्या उजव्या हातात लग्नाची अंगठी आहे. ती दांडीच्या लोखंडावर आपटत होती. या सीटवर बसलो की मी पाच मिनिटांत इंजिनं चालू करतो, आणि मग ते धूड असं हादरतं की दातसुद्धा वाजतात. त्या हादऱ्यात माझा हात किती वर्षं टकटकत होता, देवाला ठाऊक. मी कधी ऐकलंच नाही. आज इंजिनं बंद होती आणि मी ती चालू करत नव्हतो.

कुस्तोदियो खाली चाकापाशी होता. काचेखालून त्याचा आवाज आला, "कॅप्टन? काय वाजतंय वर?"

मी म्हटलं, "वर ये. दोषवही घेऊन ये."

दोषवही विमानाची असते. कॅप्टनला काही बिघाड दिसला तर त्याने त्यात लिहायचं, आणि मेकॅनिकने खाली उत्तर लिहून सही करायची. तोवर विमानाचं चाक हलत नाही, असा नियम आहे. म्हणूनच आमच्याकडे कोणी त्यात लिहीत नाही. तोंडी सांगायचं, मेकॅनिकने दोन स्क्रू पिळायचे, आणि निघायचं. लिहिलं की दिवस गेला आणि मालकाच्या शिव्या वर. मी आजवर मोजून सात वेळा लिहिलं असेल.

आठव्यांदा लिहिलं. "कॅप्टनचा उजवा हात. स्वस्थ ठेवला असता थरथरतो. सेकंदाला पाच. इंजिन बंद असताना आढळलं." अक्षर इतकं बारीक आलं की कुस्तोदियोने वही नाकाला लावली.

"हे विमानाच्या वहीत लिहिता?" त्याचा आवाज चिरकला. "कॅप्टन, हे नका. घरी जा, बरं वाटत नाही म्हणून सांगतो मी. उद्या, परवा, बघू काय ते. सोळा वर्षांची वही आहे ही, असं कोणी लिहिलेलं नाही हिच्यात."

"मग कुठे लिहू? माझी एक वही घरी आहे. तिच्यात मी महिनाभर जॉयस्टिकला शिव्या देतोय."

तो सहवैमानिकाच्या जागेवर बसला. त्या जागेवर तो कधी बसत नाही. दोघंही समोरच्या काचेतून बघत राहिलो. दव उडत होतं, गवतातून वाफ निघत होती. कोणी काही बोललं नाही तर हे असंच राहील, असं मला वाटत होतं. विमान उभं, सकाळ तशीच, आम्ही दोघं.

"उत्तर लिही," मी म्हटलं. "नियम आहे."

त्याने पेन घेतलं. 'काय दुरुस्ती केली' असा रकाना असतो. तो कितीतरी वेळ त्या रकान्याकडे बघत होता. मग सावकाश, शाळेतल्यासारखं अक्षर काढून त्याने लिहिलं: "दोष खरा आहे. विमान उड्डाणास योग्य." खाली सही केली. सही करताना माझ्याकडे बघितलं नाही.

मालकाने माझ्या जागी कॅप्टन लोसादाला बोलावलं. त्याला यायला दोन तास लागले. छपराखाली लोक वैतागले होते. तांदळाच्या पोत्यावर बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "काय कॅप्टन, अंथरुणातून उठवेना का? आमचे भात जळतील तिकडे." सगळे हसले. मीही हसलो. बाळाची आई बाळाला वारा घालत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो, उजवा हात खिशात घालून. तिने विचारलं, "तुम्ही नाही येत?" मी म्हटलं, "आज नाही."

साडेनऊला ते उडालं. लोसादाने चाकं जरा लवकर आत घेतली, बाकी छान. मी आणि कुस्तोदियो आवाज संपेपर्यंत उभे होतो. मग तो म्हणाला, "कॉफी?" मी म्हटलं, "नको, घरी जातो."

नोहोरा दारातच होती. इतक्या लवकर मला बघून ती बाजूला झाली. मी आत गेलो, खुर्चीवर बसलो आणि उजवा हात टेबलावर ठेवला. उघडा. दोघांनी बघितला. लाज वाटली, आणि कसं कोण जाणे, हलकंही वाटलं. मी रडलो. बासष्टाव्या वर्षी, गणवेशात.

मग तिला सगळं सांगितलं. वहीचं, अंगठीचं, बसमधल्या कागदाचंसुद्धा. बाळाचं सांगितलं तेव्हा तिने तोंडावर हात घेतला.

"मला नाताळपासून माहीत आहे," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला वेडी ठरवलं असतं. आणि मी वेडी आहे हे दाखवायला उडाला असता."

खरं आहे. उडालो असतो.